नऊ थरांची गच्ची

सीतारामरावांनी १९५२ साली तंजावूरच्या आपल्या घरामागे, परसात, अवजारं ठेवायला एक खोली बांधली. ताडाचे वासे, त्यावर विटा, विटांवर चुन्याचा कोबा. तालुका कचेरीतल्या कारकुनानं स्वतः गच्ची घातली याचं गल्लीत कौतुक झालं आणि ते त्यांच्या डोक्यात गेलं. दर वर्षी ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस जवळ आला की ते कोब्यावर बोटभर चुन्याचा नवा थर देत आणि हिरड्याचं, गुळाचं पाणी शिंपडत लाकडी थापीनं चोपत बसत.

"गळत नाही, तर कशाला?" बायको कामाक्षी विचारी.

"म्हणूनच गळत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्यांचा एकुलता एक मुलगा गोपालकृष्ण परीक्षेचा अभ्यास त्या गच्चीवर करी. १९६१च्या वैशाखात तो अकरा दिवसांच्या तापात गेला.

चौदाव्या दिवशी सीतारामराव कचेरीत हजर झाले. जेवत, सह्या करत, घरी येत. लोक म्हणत, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा. आत काही उरलंच नव्हतं. त्या वर्षीचा थरसुद्धा त्यांनी नेहमीसारखा देऊन टाकला. कामाक्षी मात्र रोज दिवेलागणीला शिडी चढून गच्चीवर मधोमध बसे आणि अंधार पडला की उतरे. मुलाची जागा म्हणून बसते, असं त्यांनी धरलं. विचारलं कधीच नाही.

माघात कुदळ काढायला ते खोलीत गेले आणि सहज वर पाहिलं. मधले वासे चार बोटं खाली आले होते. एक वासा चिरला होता. कामाक्षी बसते ती जागा बरोबर त्याच्यावर होती.

"थोडे दिवस वर चढूं नको. वासे वाकलेत," त्यांनी घरात येऊन सांगितलं.

"बरं," ती म्हणाली आणि संध्याकाळी चढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजवाड्यामागच्या रघोजी मेस्त्रीला बोलावलं. रघोजीनं वर जाऊन कडेला कोबा थोडा फोडून पाहिला.

"एवढा चुना कोणी घातला, राव?"

"मीच. बळकटीला."

"नऊ थर आहेत. पावसानं काही केलं नाही हिला. तुमच्या बळकटीच्या ओझ्यानंच वाकली."

एरवी सीतारामरावांनी मेस्त्रीशी तासभर हुज्जत घातली असती. आता ते म्हणाले, "काय करायचं ते करा. ती बसते तिथं पडता कामा नये."

रघोजीनं खालून टेकू दिले, नऊच्या नऊ थर खरवडून काढले, मधून लोखंडी तुळई घातली, चिरलेला वासा बदलला आणि वर एकच पातळ कोबा केला. चार बायका तीन दिवस तो चोपत होत्या. त्या थापांचा आवाज घरभर येई. कामाक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघे.

चुना वाळल्यावर पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ धोतर सावरून शिडी चढले आणि गच्चीच्या मधोमध त्यांनी चांगल्या दहा-बारा उड्या मारल्या. शेजारच्या अंबाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसले नाहीत. खाली येऊन बायकोला म्हणाले, "आतां भ्यायचं काम नाही. खुशाल बस."

त्या संध्याकाळी ती चढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ते कचेरीतून आले तेव्हा ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"वर गेली नाहीस?"

"नाही."

"चुना वाळलाय की. पन्नास वर्षं बघायला नको, म्हणाला रघोजी."

ती खडे वेचत राहिली. मग काप्पी देऊ का विचारावं तशा आवाजात म्हणाली, "वासे वाकले ते मला ठाऊक होतं. तुम्हाला दिसायच्या आधीच. रोज वाटायचं, आज पडेल." तिनं एक खडा बाजूला टाकला. "आतां ती पडणार नाही. मग कशाला चढूं?"

सीतारामरावांना दहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. भीती वाटली. ते होते तिथंच जमिनीवर बसले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. सूप कलंडलं, निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकत्र सांडले. ते भरायला ती हात सोडवू लागली, तरी त्यांनी तो सोडला नाही.