निळ्या खडूच्या रेघा

पांडुरंगराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या घरी कॉफी गाळत होते. वाईट वाटायच्या आधी मनात आलं, आता बैठकीत कुणी म्हणणार नाही, 'एकदा रावांना विचारून घ्या.' महिना झाला, त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

आमच्या आरोग्य कार्यालयात मी पुण्याहून आलेली नियोजनातली तज्ज्ञ आणि ते साधे आरोग्य निरीक्षक, मंडी मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या घरातले, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू कायम खिशात. जंगलाकडच्या वस्त्या पायी फिरून आले की भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशावर त्या खडूने पायवाटा काढायचे. भरल्या दिवसांची बाई कुठून चालू शकते, कुठे अडते, सगळं त्यात असायचं. माझा संगणकावरचा आराखडा सोडून लोक त्या रेघांपुढे उभे राहायचे आणि माझा जळफळाट व्हायचा.

नव्या उपकेंद्राची जागा ठरायची होती. मी लोकसंख्या बघून मोठं गाव निवडलं. ते म्हणाले, "नोडी, बघा म्याडम, मध्ये ओढा आहे. पावसात पाणी चढलं तर पलीकडच्या बायका कशा येणार? केंद्र तिकडेच पाहिजे, अल्वा, हो ना?" त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

बैठकीच्या दिवशी मी लवकर गेले आणि ओल्या फडक्याने त्यांच्या रेघा पुसून टाकल्या. दोन मिनिटांचं काम. पांडुरंगराव आले, नकाशाकडे पाहिलं, मग माझ्या निळ्या झालेल्या बोटांकडे... बैठकीत ते ओढ्याबद्दल बोलले. साहेब म्हणाले, "दाखवा बघू वाटा." दाखवायला काही उरलं नव्हतं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून, खडू खिशातच ठेवून ते खाली बसले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आराखडा मंजूर झाला. त्या नकाशावर त्यांनी पुन्हा कधी खडू टेकवला नाही.

केंद्र ओढ्याच्या अलीकडे उभं राहिलं. त्यानंतर दर पावसाळ्याआधी ते पलीकडच्या गरोदर बायकांना अलीकडच्या नातलगांकडे आणून ठेवायचे. साहेबांनी कौतुक केलं की म्हणायचे, "म्याडमच्या प्लॅनमधलंच आहे, सर." त्यांनी चारचौघांत मला उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं. माणूस इतका चांगला असू शकतो, याचाही मला हेवा वाटला.

परवा पत्र आलं. ओढ्यापलीकडे दुसरं उपकेंद्र द्यायचं ठरलंय, पायवाटा दाखवून जागा सुचवा. त्यांच्या टेबलाच्या खणात खडूचा तुकडा सापडला. तो घेऊन मी नकाशापुढे उभी राहिले. वस्त्यांची नावं मला पाठ आहेत, लोकसंख्याही. वाट मात्र एकीचीही माहीत नाही. मागून नवी सिस्टर म्हणाली, "राव सर असते तर आत्ता काढून दिल्या असत्या, म्याडम."

पुन्हा झोंबलं... गेलेल्या माणसाचाही हेवा करत मी किती वेळ तिथे उभी होते, कुणास ठाऊक. खडू घट्ट धरून बोटं पुन्हा निळी झाली होती. नकाशा कोराच होता.