मौनी महाराजाचा भाऊ

माझी नात बुलढाण्याला पत्रकारिता शिकते. काल तिनं ऑटिझमवरचा आपला छापून आलेला लेख आणला. मी चौथी शिकलेला, अक्षर लावून लावून वाचतो. पण ताज्या पेपराच्या शाईचा वास नाकात गेला अन् वाचायच्या आधीच मी धाड गावातल्या आमच्या जुन्या घरी पोचलो.

माझा लहान भाऊ नारायण बोलत नसे. कोणी अंगाला हात लावलेला त्याला सहन होत नसे. एका पेपरवाल्यानं त्याला ‘मौनी महाराज’ म्हणून छापलं अन् दुसऱ्याच दिवशी लोक नारळ, उदबत्त्या घेऊन अंगणात. एका बाईनं पाय धरले तसा तो कान दाबून किंचाळला अन् आत पळाला. मी दार ओढलं अन् दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसलो.

“दर्शनाले काऊन अडवून राह्यला बे?” एका म्हाताऱ्यानं दटावलं.

“महाराज नाही तो. माहा भाऊ हाये.”

“भावाचा मान पाहवत नाही याले,” मागून कोणी हसलं.

मी हललो नाही. ऊन कललं तेव्हा पाठीमागची फळी जराशी दबली. आतून नारायणही पाठ टेकून बसला होता. तेव्हा वाटलं, थकला असेल. आता तसं वाटत नाही.

“आबा, त्यायच्यावर लिहू का?” माझ्या भावाची ही गोष्ट ऐकून नातीनं विचारलं.

“लिही. पण महाराज म्हणू नको, अन् बिचाराही नको.”

“मंग काय म्हणू?”

“नारायण म्हण.”

तो गेल्यापासून हे नाव मी घरात मोठ्यानं घेतलं नव्हतं.