परिशिष्टातले चार सेकंद

निर्मला देगलूरकर हैदराबादच्या ज्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होती, तिथे गॅसच्या टाक्यांची परीक्षा घेतली जाई. टाकीत पाणी भरायचं, पंपाने दाब चढवत न्यायचा आणि टाकी कुठे फुगते, कुठे चिरते ते मोजायचं. निर्मला इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. वडील नल्लकुंट्यात शाळामास्तर होते, लग्न होऊन ती बरकतपुऱ्यात आली. टाकीवरच्या यंत्रांचे आकडे कंप्युटरपर्यंत आणणं आणि त्या आकड्यांवरून पंप चालू-बंद करवणं, हे तिचं काम. चौदा वर्षं ती हेच करत होती.

जुना कंप्युटर गोदरेजच्या कपाटाएवढा होता आणि दिसायला अगदीच गबाळा. पडद्यावर हिरवी अक्षरं, बाकी काही नाही. पण त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम फक्त वेळ पाळण्यासाठीच लिहिलेली होती. सेकंदात शंभर वेळा दाब वाचायचा म्हणजे वाचायचा. मध्ये आकाश कोसळलं तरी तो ठोका चुकत नसे. शहाण्णव साली परदेशातल्या कंपनीने कळवलं, की या यंत्राचे सुटे भाग आता मिळणार नाहीत.

नवं काय घ्यायचं हे ठरवायला तिघांची समिती नेमली गेली. कागदपत्रं तयार करायची जबाबदारी निर्मलाकडे आली.

दिवस बदलले होते. पूर्वी एखादी वस्तू परदेशातून मागवायची तर परवान्यातच दोन वर्षं जात. आता सिकंदराबादचे टायवाले विक्रेते स्वतःहून येऊन टेबलावर रंगीत माहितीपत्रकं पसरून जात होते. दिल्लीहून हुकूम आला होता, की प्रयोगशाळांनी आता आपलं आपण कमवायचं. खाजगी कंपन्या टाक्या घेऊन फाटकाशी उभ्या होत्या आणि त्यांना तपासणीचा दाखला महिन्याभरात हवा होता.

निर्मलापुढे दोन रस्ते होते. एक, वेळेची हमी देणारी परदेशी रिअल-टाइम सिस्टीम. ती यायला आणि शिकायला मिळून आठ महिने लागणार होते. दुसरा, ऑफिसात पत्रं टाइप करायला असतो तसला पीसी आणि त्यावरची नेहमीची सिस्टीम. ही आठवड्यात मिळत होती आणि पडद्यावर रंगीत आलेखही काढत होती.

तिने एक पीसी उसना आणला आणि तीन दिवस, तीन रात्री तो चालू ठेवून त्याचा प्रत्येक ठोका मोजला. मग कागद घेऊन विभागप्रमुख नरसिंहाचारींच्या खोलीत गेली. चारी निवृत्तीला आलेले, मनाने वाईट नव्हते, पण दिल्लीच्या फोनला भ्यायचे.

"वेगवान आहे ना?" त्यांनी विचारलं.

"वेगवान आहे, साहेब. पण आपल्याला वेग नकोय, वेळेची हमी हवीय. ही हजारदा चटकन उत्तर देते आणि एखाद वेळी स्वतःच्याच कामात गुंतते. डिस्कवर काही लिहीत बसली, की पंपाकडे बघतच नाही."

"किती वेळ?"

"तीन दिवसांत सगळ्यात मोठा खंड पडला तो चार सेकंदांचा. पण याहून मोठा पडणार नाही असं कोणी सांगू शकत नाही. निदान एक वेगळं सर्किट बसवू या. कंप्युटर गप्प झाला तर पंप आपोआप बंद."

"दुसऱ्या टप्प्यात बसवू." चारींनी चष्मा काढून डोळे चोळले. "निर्मलागारू, तीन दिवसांत चार सेकंद. यासाठी आठ महिने काम बंद ठेवा, असं मी दिल्लीला सांगू? तुम्ही लिहा ना सगळं. परिशिष्टात लिहा. मी कुठे नको म्हणतोय?"

'ही बाई प्रत्येक गोष्टीत खोडा घालते' असं आपल्याबद्दल बोललं जातं, हे निर्मलाला ठाऊक होतं. विभागात ती एकटीच बाई. चौदा वर्षं भांडून ती थकली होती. तिने चार सेकंदांचा तक्ता परिशिष्टात, बाविसाव्या पानावर घातला. पहिल्या पानावर तिने लिहिलं, 'दोन्ही पर्याय तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत.' हे वाक्य तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते तिचं तिनेच लिहिलं आणि खाली सही केली.

दोन महिन्यांत नवा पीसी लागला.

टाकीपाशी काम करायचे ते नामदेवराव बिरादार. मूळचे भालकीकडचे शेतकरी, वीस वर्षांपासून इथे मेकॅनिक. पाइपाला नुसता तळवा लावून दाब किती ते सांगायचे. नवा पडदा बघून ते निर्मलाला म्हणाले, "बाई, जुनं डबडं आपल्या ओळखीचं होतं. हे भरवशाचं हाय ना?"

"आहे," निर्मला म्हणाली. दुसरं काय बोलणार? सही तर तिचीच होती.

पाच महिने काहीच झालं नाही. एप्रिलातल्या एका सकाळी अकराच्या सुमारास एका टाकीचा दाब ठरल्या आकड्यावर आणून थांबवला होता. अशा वेळी दाब थोडा उतरला, की कंप्युटर पंपाला क्षणभर चालू करून लगेच बंद करतो. एका जोडातून पाणी ठिबकत होतं. दाब थांबलेला असताना आत जायचं नाही असा नियम होता. पण जोड आवळला नाही तर परीक्षा पहिल्यापासून घ्यावी लागे, म्हणून वीस वर्षं नामदेवराव आत जात होते आणि वीस वर्षं सगळे ते बघत होते. त्या दिवशीही ते पाना घेऊन गेले.

निर्मला काचेमागे बसली होती. पडद्यावरचा आकडा स्थिर होता. मग तिच्या ध्यानात आलं, की तो फारच स्थिर आहे. शेवटचा अंकसुद्धा हलत नाहीये. आणि पंपाचा आवाज थांबत नाहीये. तिने उठून पंपाच्या बटणाकडे हात नेला, तेवढ्यात जोड उडाला.

नंतर नोंदी तपासल्या तेव्हा खंड सहा सेकंदांचा निघाला.

नामदेवरावांचा उजवा डोळा गेला आणि उजव्याच हाताची दोन बोटं. निर्मला दवाखान्यात गेली तेव्हा ते झोपेच्या औषधाखाली होते. त्यांची बायको गंगू खाटेशी बसली होती.

"साहेब लोक येऊन गेले," गंगू म्हणाली. "म्हणाले, चूक ह्यांचीच. नियम मोडला म्हणून नोकरी पण जाईल. बाई, तुम्ही तर तिथंच होता ना? ह्यांचीच चूक होती का?"

चौकशी होईल तेव्हा बघू, असं काहीतरी पुटपुटून निर्मला बाहेर पडली आणि जिन्यावरच बसली. माणसं तिला ओलांडून जात होती.

चौकशी समितीपुढे जाण्याआधी चारींनी तिला बोलावलं. "बाविसावं पान कोणी वाचलेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही त्याचा विषय काढू नका. तुमचंच नुकसान आहे."

घरी नवरा विवेकही तेच म्हणाला. तो सचिवालयात होता, फायली कशा चालतात हे त्याला कळत होतं. "तू खोटं कुठे बोलतेयस? त्यांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. मेघनाचं बारावीचं वर्ष आहे, निर्मला. आत्ता नक्को."

"गंगूने विचारलंय," ती म्हणाली.

"गंगू समितीत नाहीये."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे निर्मलाने स्वतःहून बाविसावं पान उघडून ठेवलं. पडद्यावर आकडा गोठलेला असताना आतल्या माणसाला काही कळायला मार्ग नव्हता, हे सांगितलं. आत जाण्याची पद्धत सगळ्यांना माहीत होती, तिलाही, हेसुद्धा सांगितलं. अध्यक्षांनी तक्ता दोनदा वाचला, मग पान उलटत उलटत पहिल्यावर आले.

"दोन्ही पर्याय योग्य. हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तेव्हा तुम्हाला या चार सेकंदांची माहिती होती?"

"होती."

"मग?"

चारी समोर बसले होते. ते चष्मा पुसत राहिले. निर्मलाने त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी ते वाक्य तिच्याच हातचं राहिलं असतं.

नामदेवरावांवरचा ठपका निघाला. नोकरी राहिली, त्यांना भांडारात बसवलं. ठपका निर्मलावर आला. बढती कायमची अडकली आणि तिची बदली थर्मामीटर तपासण्याच्या खोलीत झाली. चारी हारतुरे घेऊन वेळेवर निवृत्त झाले. पुढच्या वर्षी ती परदेशी सिस्टीम आली, सोबत पंप बंद करणारं ते सर्किटही. निवड समितीत निर्मला नव्हती. तिच्याकडून फक्त जुनी मोजणी मागवून नेली.

एकदा ती नामदेवरावांच्या घरी गेली. ते नीट बोलले, मेघनाची चौकशी केली. "तुम्ही सांगितलं म्हणून नोकरी राहिली," असंही म्हणाले. गंगू आतून बाहेर आली नाही. आत भांडी जोरजोरात ठेवल्याचे आवाज येत राहिले. नामदेवरावांनी दोनदा हाक मारली. पाणी न पिताच निर्मला उठली.

त्यानंतर नऊ वर्षं दोघं एकाच आवारात होती. थर्मामीटर हवे असले, की निर्मला भांडाराच्या खिडकीशी जाई. नामदेवराव रजिस्टर पुढे सरकवत, डाव्या हाताने. ती सही करी. कधी उन्हाबद्दल एखादं वाक्य होई, कधी तेही नाही. ते आधी निवृत्त झाले आणि गावी गेले. निरोपाच्या चहाला निर्मला मागच्या रांगेत उभी होती. बोलायला तिला कोणी सांगितलं नाही.