खडा तिथेच ठेवला

मूत्रनलिकेत दुर्बीण घातली, खड्याच्या बाजूने तार वर सरकवली, आणि तारेलगत पिवळट, दाट पू ओघळला.

"लेसर रेडी आहे, सर," सिस्टर म्हणाली.

"स्टँडबायला ठेवा."

कुंदाताई शहाडच्या. किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळीत खडा अडकलेला. कल्याणच्या आमच्या हॉस्पिटलात असे खडे लेसरने रोज फुटतात. पण मागे पू साठलेला असेल, तर खड्याला हात लावायचा नसतो. फोडताना आम्ही आत पाणी सोडतो. त्याच्या दाबाने पू थेट रक्तात शिरतो आणि माणूस हातचा जातो.

"बीपी उतरतंय," भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. "आवर लवकर."

मी स्टेंट टाकला. स्टेंट म्हणजे बारीक, लवचिक नळी. खडा जागेवरच राहतो, पण लघवीला बाजूने वाट मिळते. पू तपासणीला पाठवला आणि बाहेर आलो.

काढलेला खडा नातेवाईकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. कुंदाताईंचे दीर फोटोसाठी मोबाइल काढूनच उभे होते.

"खडा कुठाय, डॉक्टर?"

"आतच आहे. पू निघाला. आज फोडला असता तर जिवावर बेतलं असतं."

"म्हणजे भूल फुकट? एवढी लेसरची मशीन कशाला मग?"

मी मुळात तापट. ओठांवर आलेलं गिळलं. "त्यांना ताप होता का?"

"नाय हो. सकाळी सिस्टरने बघितला ना."

मागे उभी असलेली कुंदाताईंची मुलगी रडायलाच लागली. "काल थंडी वाजून ताप आलेला तिला. पहाटे गोळी घेतली. बोलली, डॉक्टरांना सांगू नको, तारीख पुढे जाईल. रविवारी माझा साखरपुडा आहे ना."

दीर मोबाइल खिशात घालून बाकावर बसले.

आयसीयूत बीपी वर येता येईना. बाई जाते की काय, अशी भीती मला वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चहा मागितला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

साखरपुडा पुढे गेला. मुलाकडची माणसं शहाळी घेऊन भेटायला आली. पू आटोक्यात आल्यावर लेसरने खड्याची भुकटी केली. दिरांना दाखवायला तेव्हाही माझ्याकडे काही नव्हतं.

ऑपरेशनआधी "ताप आहे का?" विचारलं की सगळेच "नाही" म्हणतात. म्हणून हल्ली मी आधी विचारतो, "घरात काही कार्य आहे का?" उत्तर "हो" आलं, की लगेच दुसरा प्रश्न : "सकाळी गोळी कुठली घेतलीत?"