पुस्तकांना ऊन

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. खंडाळ्याला एका आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक संस्थेच्या केंद्राचा मी व्यवस्थापक होतो. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या त्या केंद्रात वलवणचे एक शिपाई होते. पावसाळा सरला की परदेशी पुस्तकं ते व्हरांड्यात उन्हाला मांडायचे. त्यातलं अक्षर कळत नसे, तरी प्रत्येक पुस्तक नेमक्या जागी परत जायचं. हे त्यांना कसं जमायचं, मला अजून उमगलेलं नाही.

अनुदान तपासायला संसदेची समिती आली, तेव्हा एका खासदारबाईंनी या शिपायांनाच विचारलं, “ही वाचतं कोण?”

“कोण न्हाई, ताई. बुरशी लय धरती, म्हनून मी ऊन दावतो.”

मी घाईने म्हणालो, “हे नवीन आहेत, यांना माहीत नाही.”

“नवीन आहात?” बाईंनी विचारलं.

बारा वर्षं काढलेला तो माणूस म्हणाला, “व्हय. नवीनच हाय.”

अनुदान टिकलं. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.

आता मी निवृत्त आहे. वलवणच्या धरणाकडे फिरताना ते भेटतात आणि हटकून विचारतात, “सायेब, पुस्तकांना ऊन दावत्यात का न्हाई?” मला ठाऊक नसतं, तरी ‘दाखवतात’ म्हणतो. ‘तुम्ही नवीन नव्हता’ एवढंच बोलायचं ठरवून मी रोज निघतो, आणि धरणापर्यंत जाऊन तसाच घरी येतो.