एकही गोळी चुकली नव्हती

योगराज नागपुरे सडक अर्जुनीजवळच्या एका खेड्यातला. घरची धानाची शेती, आणि दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक. प्रेक्षकांतल्या बायका त्याला खऱ्याखुऱ्या शिव्या देत; त्यातच त्याला मान वाटे.

पंचेचाळिशीत त्याच्या लघवीतून रक्त गेलं. नागपूरला उजवी किडनी काढली, तरी पुढे कॅन्सरच्या गाठी फुप्फुसात निघाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रोजची गोळी सुरू केली.

"गाठीला वाढायला रक्त लागतं," त्यांनी समजावलं. "त्यासाठी ती नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. ही गोळी त्या होऊ देत नाही."

"म्हंजे उपाशी मारायचं तिले," योगराजची बायको शामकला म्हणाली.

गाठी खरंच आकसल्या. गोळीने त्याचे केस, मिशी, भुवयासुद्धा पांढऱ्याफेक झाल्या. नाटक कंपनीवाल्याने त्याला म्हाताऱ्या बापाचं काम दिलं. योगराज खूश होता. केस पांढरे म्हणजे गोळी लागू पडून राहिली, असं तो सगळ्यांना सांगे. वर्ष सरलं. तो पुन्हा स्वतः धानाच्या बांधीत उतरू लागला.

त्या दिवशी शामकलासोबत स्कॅन दाखवायला गेला तो डॉक्टरीणबाईंना नाटकाचं आमंत्रण द्यायचं ठरवूनच. त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

"जुन्या गाठी बारीकच आहेत. पण या इथे नव्या आल्यात."

योगराज हसला. "नाव पाहा जी. दुसऱ्या कोनाचा असन."

नाव त्याचंच होतं. उजव्या किडनीची जागाही रिकामी होती. त्याचं हसू तसंच राहिलं.

"मी एकबी गोळी चुकलो नाही. केस पाहा ना माझे!"

"तुमचं काही चुकलं नाही. गाठच गोळीला सरावली. काही पेशी कमी रक्तावर जगू लागल्या. काहींनी नव्या वाहिन्या करायचा दुसरा मार्ग काढला. आणि काही तर फुप्फुसात आधीपासून असलेल्या वाहिन्यांना चिकटून वाढल्या. त्या वाहिन्या तुमच्याच, जुन्या. गोळी त्यांना फारसं काही करत नाही."

शामकला उभी राहिली. "म्हंजे गोळ्या खाऊ घालून आमीच तिले शिकवलं का?"

"नाही. ज्या पेशी तग धरू शकल्या, त्या उरल्या. मधलं हे वर्ष मात्र गोळीनेच दिलं."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"सांगितलं होतं, शामकलाताई. पहिल्याच दिवशी."

शामकला खाली बसली. सांगितलं होतं. गोळी कायमची पुरत नाही, हे शब्द आता आठवत होते. तेव्हा तिने फक्त गोळी आहे एवढंच ऐकलं होतं.

घरी योगराजचा थोरला भाऊ मुन्नालाल म्हणाला, "लपून तंबाखूचा खर्रा खाल्ला असन त्यानं."

शामकला अंगणात ओरडली, "त्यानं काही केलं नाही! सांगून राहिली ना, काहीच केलं नाही!" शेजारी गोळा झाले. योगराज खाटेवर बसून होता, आपल्याबद्दल चाललंय हे कळत नसल्यासारखा. कितीतरी दिवस तो तालमीला गेला नाही. जेवताना मध्येच थांबे आणि म्हणे, "मले तर बरं वाटत होतं."

मग एका सकाळी तो आपणहून म्हणाला, "चाल, नागपूरले जाऊ."

नवी गोळी मिळाली. वाहिन्यांबरोबर गाठीचा तो दुसरा मार्गही अडवणारी. तिने तळहात सोलले, तळपाय इतके दुखले की बांधावरून चालवेना. म्हाताऱ्याचं काम त्या हंगामात त्याने खुर्चीत बसून केलं. पुढच्या स्कॅनमध्ये गाठी वाढायच्या थांबल्या होत्या.

"थांबल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेल्या नाहीत."

योगराजने विचारलं, "ह्या गोळीले किती दिवसांत सरावन गाठ?"

"माहीत नाही, योगराजभाऊ."

त्याने मान हलवली आणि पुढची तारीख विचारली. परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. शामकला साकोली येईपर्यंत त्याच्या श्वासाकडे पाहत राहिली.