लेकीच्या वर्गात नापास

बायकोची बँकेतली बदली जयपूरला झाली, तेव्हा मी नागपूर सोडून तिच्याबरोबर आलो आणि दुर्गापुऱ्यातल्या एका छोट्या खाजगी रुग्णालयात, तातडीच्या विभागात डॉक्टर म्हणून लागलो. तिथेच केस पांढरे झाले. मुलगी जयपुरातच वाढली, डॉक्टर झाली आणि २००६ च्या सुमारास, हृदय बंद पडलेल्या माणसाला कसं वाचवायचं हे डॉक्टर-नर्सना शिकवायला लागली. नियम नुकतेच बदलले होते. आमच्या रुग्णालयाने फर्मान काढलं, तातडीच्या विभागातल्या प्रत्येकाने हे प्रशिक्षण नव्याने घ्यायचं.

"माझ्याच बॅचला या," मुलगी म्हणाली. "पण बाबा, पुस्तक वाचून या हं. मतलब, खरंच वाचून."

मी वाचलं नाही. आयुष्यभर हेच तर करत आलो होतो, त्यात नवीन काय असणार?

राजा पार्कमधल्या एका हॉलमध्ये जमिनीवर रबरी पुतळे मांडले होते. परीक्षेला गुडघे टेकून बसलो. पंधरा वेळा छाती दाबली, दोनदा श्वास दिला, थोड्या वेळाने थांबून मानेवरची नाडी चाचपत राहिलो. आम्हाला असंच शिकवलं होतं. आता तीस वेळा दाबायचं होतं आणि हात शक्यतो थांबूच द्यायचे नव्हते. हात थांबले की मेंदूकडे जाणारं रक्तही थांबतं, आणि ते थांबणंच महागात पडतं, असं नव्या संशोधनात दिसलं होतं. सकाळी मुलीने ते फळ्यावर काढून समजावलं, तेव्हा मी शेजारच्या भूलतज्ज्ञाशी गप्पा मारत होतो.

"सर, आप रुक गए," ती म्हणाली. "फिर से कीजिए."

पुन्हा केलं. हात आपसूक पंधरावर थांबले. ती माझ्याजवळ वाकली, तसा मी हळूच मराठीत म्हणालो, "अगं, जाऊ दे ना. घरी शिकव मला. आत्ता पास करून टाक."

इथे मराठी कोणाला कळतंय, असं मी धरून चाललो होतो. पण पलीकडच्या पुतळ्यापाशी आमच्याच रुग्णालयातली एक नर्स होती, मूळची अकोल्याची. माझ्या ध्यानातच नव्हतं. तिने झटकन मान खाली घातली. माझे कान तापले.

मुलीचा चेहरा उतरला. वाटलं, रडते की काय. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सर, आपको दोबारा आना होगा."

उठायला गेलो तर गुडघा धरला. तिने हात पुढे केला. मी तो घेतला नाही, खुर्चीला धरून उठलो. त्याची लाज आज जास्त वाटते.

तिला स्कूटरवर मागे बसवून घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "काय हो, लेकीने केलं का पास?"

मी चपला काढत राहिलो. "बाबांना परीक्षा परत द्यायचीय," एवढं बोलून मुलगी आत गेली.

चहा घेऊन मी तिच्या खोलीत गेलो. "चुकलंच माझं," म्हणालो.

"नापास झालात त्याचं काही नाही, बाबा. खूप जण होतात. पण तुम्ही मराठीत बोललात ना... मतलब, तिथे मी तुमची मुलगी नव्हते."

मी चहा तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "नाडी बघत मी असा किती जणांपाशी थांबलो असेन गं?"

"तेव्हा तसंच शिकवायचे," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता. ते मला जास्त लागलं. जुनं शिकलो यात माझा दोष नव्हता, नवं शिकायला बसून गप्पा मारल्या यात होता, आणि तिने तो बोलून दाखवला नाही.

पुढच्या बॅचला पुन्हा गेलो, या वेळी वाचून. शिकवायला दुसराच डॉक्टर होता. मुलीनेच तशी व्यवस्था करून घेतली होती. पास झालो. ऐकून ती मनापासून हसली. मला मात्र तिच्याकडे सरळ बघायला आणखी बरेच दिवस लागले.